हातमोज्यातलं मूळ

टप्प.

फडताळावरच्या डब्याचं झाकण वाजलं आणि आर्लिटाचे पिठातले हात जागीच थांबले. सकाळपासून घरात दुसरा आवाज असा नव्हताच. उन्हं पश्चिमेच्या खिडकीत आली, पत्र्याचं घर तापायला लागलं, की तो डबा एकदा तरी असा बोलायचा. भरलेला डबा बोलत नाही. त्याच्या पोटात वाळलेली पांढरीशुभ्र प्याखीची मुळं गच्च बसलेली असती, तर झाकणाला उसासा टाकायला जागाच उरली नसती.

"कोण आलं?" टेबलाखाली खेळत बसलेल्या ट्रीनानं विचारलं.

"कुणी नाही गं. डबा."

"काय म्हणतो?"

"भूक लागली म्हणतो."

ट्रीना हसली नाही. पोर सहा वर्षांची, पण आईचा विनोद खरा की नुसता वेळ मारून नेण्यापुरता, हे हल्ली ती पारखून घ्यायला लागली होती.

सकाळी वरच्या रस्त्यानं गाड्या गेल्या होत्या, एकीमागून एक. वाऱ्यानं बायकांच्या हसण्याचा एक तुकडा आणून दारात टाकला आणि गाड्या वळण घेऊन दिसेनाशा झाल्या. वसंताच्या या दिवसांत वस्तीतल्या सगळ्या बायका डोंगरावर असतात. रानदवण्याच्या करड्या झुडपांमधून, जिथे गवतसुद्धा नाखुशीनं उगवतं त्या खडकाळ उतारावर, प्याखीची पानं जमिनीतून बाळाच्या हिरव्या बोटांसारखी वर येतात. कमरेला विणलेली पिशवी, हातात लोखंडी खणती. एकीनं गाणं धरायचं, बाकीच्यांनी ओढायचं. फूल उमलायच्या आत मूळ काढलं तर साल हलक्या हातानं सुटून येते आणि आतलं दुधासारखं पांढरं मूळ वर्षभर टिकतं. एकदा का फूल उघडलं, की साल मुळाला घट्ट धरून बसते. मग कितीही ओरबाडा, कडूपणा जात नाही. फूल काही बायकांसाठी थांबत नाही.

आर्लिटा यंदा खणायला जाऊ शकत नव्हती. नवरा गेलेल्या बाईनं वर्ष होईपर्यंत जमिनीतून काही काढायचं नसतं. तिच्या हातावर दुःख असतं, ते मातीला लागतं आणि पुढच्या साली मुळं रुसतात. तिनं केस कापले होते. वस्तीच्या लांबघरात, जिथे सगळे सणाला नि प्रार्थनेला जमायचे, तिथे फेर धरला जायचा तेव्हा ती दाराजवळच्या बाकावर भिंतीला टेकून बसायची. नवऱ्याचं नाव वर्षभर कुणी घेतलं नव्हतं, तिनंही नाही. वाटेला लागलेल्या माणसाचं नाव घेतलं तर तो मागे वळून बघतो, आणि त्याला तसं वळायला लावणं बरं नव्हे. त्याचे फोटो सासूबाईंकडे भिंतीकडे तोंड करून ठेवलेले होते. त्याचे कपडे, बूट, माशांची जाळी, घोड्याचं खोगीर, सगळं बायकांनी येऊन नेलं होतं. काही दूरच्या लोकांना वाटलं, काही जाळलं. कॉफी ढवळायचा त्याचा चमचासुद्धा गेला. घाटातल्या वळणावर त्याचा लाकडं भरलेला ट्रक उलटला, तेव्हा तिच्या आयुष्यातून माणूस गेला. त्यानंतरच्या आठवड्यात माणसाच्या खुणा गेल्या. दुसरं जाणं जास्त शांत होतं, म्हणून जास्त लागलं.

लोक वाईट नव्हते. कुणी हरणाचं मांस आणून ठेवायचं, कुणी न सांगता सरपण टाकून जायचं. पण सगळं दारापाशी, आवाज खाली घेऊन. आर्लिटा मूळची मोठ्या नदीकाठची, इथली नव्हे. माहेरी आता दार उघडायलाही कुणी उरलं नव्हतं. काही काही दिवस असे जायचे की संध्याकाळी तिच्या लक्षात यायचं, आज ट्रीनाशिवाय कुणाशी शब्द झालेला नाही.

मात्र येत्या शनिवारी हे संपणार होतं. सासूबाई तिला नवा झगा घालणार होत्या, तिच्या केसांतून कंगवा फिरवणार होत्या आणि सगळ्यांसमोर त्याचं नाव घेणार होत्या. मग खणती तिच्या हातात देऊन डोंगरावर नेणार होत्या. आणि ट्रीना पहिल्यांदा खणणार होती. पोरीनं काढलेली पहिली पिशवी तिनं स्वतः खायची नसते, म्हाताऱ्या बायकांना वाटायची असते. कुणाला किती द्यायची याचा हिशेब ट्रीनानं हिवाळ्यापासून मांडला होता, आणि जी आजी तिच्या गालाला चिमटा काढायची तिला त्यात एकही मूळ नव्हतं.

तेवढ्यात बाहेर पिकअप खडखडत येऊन थांबली. अशी गाडी एकच, लिओनाची. ही आर्लिटाची मोठी नणंद. या वर्षभरात आर्लिटाशी थट्टा करायची हिंमत तिनं एकटीनं टिकवली होती.

"केस वाढले की गं," दारातूनच ती म्हणाली. "मागच्या खेपेला साळिंदर दिसत होतीस."

"आणि आता?"

"आता ओलं साळिंदर."

आर्लिटाला हसू आलं आणि गाल दुखले. हसण्याची सवय मोडली की असं होतं.

लिओनानं कापडाची घडी उलगडली. मोठा निळा झगा, पक्ष्याच्या पंखांसारख्या रुंद बाह्यांचा. त्याच्याखालून तसाच एक छोटा निघाला, गळ्याला शिंपल्यांची झालर लावलेला. शिंपले ओवताना सुई बोटात किती वेळा गेली, आई डोळे मिटूनही कशी चूक काढते, हे सगळं लिओनानं सांगून घेतलं. ट्रीनानं झगा अंगाला लावून पाहिला आणि गोल फिरली. मग लिओनानं सकाळच्या रोटीचा तुकडा तोंडात टाकला, बाहीला हात पुसले आणि खुर्चीवर ताठ बसली. तिचा आवाज बदलला.

"आता मला विचारावं लागेल."

"विचारा ना, ताई."

"घरात त्याचं काही राहिलंय?"

"नाही."

"नीट आठव. परवा आई पाण्यासमोर हेच विचारेल."

लांबघरात सगळ्यांत आधी पाणी पितात आणि सगळ्यांत शेवटीही पाणीच. त्या दोन घोटांच्या मध्ये जे बोललं जातं, ते खोटं असून चालत नाही. आर्लिटानं मनातल्या मनात घर पुन्हा एकदा फिरून पाहिलं. फडताळ, पलंगाखालची जागा, गाद्यांच्या घड्या. काही नव्हतं. असतं तर तिला माहीत असतं. कित्येकदा तिनंच शोधलं होतं, काही राहून गेलं असेल या आशेनं. तिनं तसं सांगितलं, आशेचं मात्र सोडून.

लिओना सैल झाली. मग तिनं हेस्टरकाकूंची गोष्ट काढली. काकूंच्या चुलीमागे म्हाताऱ्याची टोपी निघाली ती ऐन शेवटच्या दिवशी, आणि बिचारीला उन्हाळ्याच्या शेवटी डोंगरावरची निळी बोरं पिकेपर्यंत थांबावं लागलं. "टोपी तरी धड असावी, उंदरांनी खाल्लेली," लिओना म्हणाली. "पण नियम म्हणजे नियम. आणि तुझं तर थांबून चालणारच नाही. यंदा ऊन लवकर चढलंय. खालच्या उतारावर फुलं उघडलीसुद्धा. वरचा सपाट तेवढा राहिलाय, तोही शनिवारी धरला तर धरला. त्यानंतर एकदम पुढचा वसंत."

हे बोलणं चाललेलं असताना ट्रीना अंगाला लावलेला झगा हळूच खुर्चीवर ठेवून पुन्हा टेबलाखाली गेली, हे दोघींनी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

लिओना गेली. पिकअपची धूळ खाली बसली. आर्लिटानं रोटी तळली, वर मध घातला आणि ती ट्रीनापुढे ठेवली. ट्रीनानं तिला बोटही लावलं नाही.

"आई, पाण्यासमोर खोटं बोललं तर काय होतं?"

"पाणी कडू लागतं म्हणतात."

"किती? फूल आलेल्या प्याखीएवढं?"

"त्याहून जास्त असेल. का गं?"

"काही नाही," म्हणून ट्रीना बाहेर गेली.

आर्लिटानं तवा घासला. मग खिडकीतून पाहिलं, तर पायऱ्यांशेजारची फळी बाजूला सरकलेली आणि त्या फटीतून ट्रीनाच्या पायांचे दोन तळवे बाहेर. पोर घराखाली शिरली होती. इथे ऊन चढलं की विषारी खडखडे साप सावलीला येतात. आर्लिटा धावली, घोट्याला धरून तिला बाहेर ओढलं आणि रागानं बोलायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

ट्रीनाच्या छातीशी एक कातडी हातमोजा होता.

उजव्या हाताचा. अंगठ्याजवळ काळ्या दोऱ्यानं शिवलेला. ते टाके आर्लिटानंच घातले होते, वाकडे. त्यावरून तो महिनाभर तिला चिडवत होता की हे टाके नाहीत, मुंगी दारू पिऊन चालत गेली आहे.

"हे घर आहे," ट्रीना घाईघाईनं म्हणाली. "बाबांनी केलं होतं. आत ते झोपलंय. मी त्याला उठवलं नाही, खरंच नाही."

आर्लिटा पायरीवर बसली. तिला आठवलं. गेल्या वसंतात अंगणात सगळ्या मुळं सोलायला बसल्या होत्या, आणि बायकांच्या घोळक्यात हा एकटा पुरुष ऐसपैस मांडी घालून बसलेला. कुणी टोमणा मारला की म्हणायचा, बायकोच्या हाताला वेग नाही, म्हणून आलो. पुढच्या कुंपणावर माळचंडोल गात होता. या डोंगरातले चंडोल इथल्या लोकांच्या भाषेत बोलतात आणि लोकांची उणीदुणी काढतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आर्लिटाच्या नदीकाठचे पक्षी वेगळं बोलायचे, म्हणून तो तिला अर्थ सांगायचा: "ऐक, तो म्हणतो, आर्लिटाची पिशवी अर्धीच, आर्लिटाची पिशवी अर्धीच." ट्रीना कंटाळून कुरकुरायला लागली, तसं त्यानं पानांसकट एक न सोललेलं मूळ उचललं, हातमोज्यात घातलं आणि बोटांनी पांघरूण घातल्यासारखं केलं. झोपलंय म्हणाला. हळू बोल. पुढे पंधरवड्याच्या आतच तो गेला. बायका सामान न्यायला आल्या, तेव्हा ट्रीनानं आपलं झोपलेलं बाळ उचलून त्यांच्या पायांमधून बाहेर नेलं असणार. कुणी तिला विचारलंच नव्हतं. चमच्यापर्यंत सगळ्यांचं लक्ष गेलं, पोरीकडे गेलं नाही.

"दाखव," आर्लिटा म्हणाली.

ट्रीनानं हातमोजा तिच्या मांडीवर ठेवला. त्याची बोटं वळलेली होती, कुऱ्हाडीचा दांडा आत्ताच सोडल्यासारखी. आर्लिटानं आत दोन बोटं घातली आणि दचकून बाहेर काढली. मग पुन्हा घातली आणि ते मूळ उजेडात आणलं. वाळून तपकिरी झालेलं, सुरकुतलेलं, शेंगदाण्याच्या टरफलासारखं हलकं. आणि त्याच्या माथ्यावर नखाएवढी कोवळी पानं. ऊन न मिळाल्यानं हिरवी व्हायची राहिलेली, फिकट, किंचित गुलाबी. वर्षभर माती नाही, पाण्याचा थेंब नाही. तरी बाहेर वसंत आलाय हे त्याला अंधारात कळलं होतं.

"उठलं," ट्रीना कुजबुजली. "आई, ते आपोआप उठलं."

आर्लिटानं मान हलवली. तिचं लक्ष मुळाकडे नव्हतं. तिनं हातमोजा नाकाशी नेला होता. राळ, गाडीचं तेल, जुनं कातडं, आणि या सगळ्यांच्या खाली, अगदी खाली, तो. वर्षभर तिनं उशीत शोधला, दाराच्या मुठीवर शोधला, तो इथे तिच्या पायांखाली होता. तिनं हात आत घातला. तिचा हात त्यात लहान मुलाचा झाला. बोटांची टोकं त्याच्या बोटांपर्यंत पोचली नाहीत.

सावल्या कुंपणापर्यंत गेल्या. ट्रीना शेजारी बसून आईच्या हाताकडे बघत होती.

माणसाचं मन कसं वकिली करतं पाहा. घरात काही राहिलंय का, असं विचारलं होतं. घराखाली म्हणजे घरात का? आणि ट्रीनाच्या खेळण्याला त्याची वस्तू का म्हणायचं? शिवाय टाके तर तिचे. कुणाला कळणार होतं? सांगितलं तर शनिवार बुडणार, झगा पुन्हा घडीत जाणार, आणि वरच्या सपाटावरची फुलं उघडणार. पुन्हा तो बाक, तो दरवाजा, दारापाशी आवाज खाली घेणारी माणसं. न सांगितलं तर शनिवारी हसणाऱ्या बायकांच्या गाडीत तिची जागा, आणि हा हातमोजाही तिचाच. दोन्ही मिळत होतं. फक्त एक घोट पाणी गिळायचं होतं.

"मी आजीला नाही सांगणार," ट्रीना म्हणाली. "मी तोंड असं मिटीन." आणि तिनं ओठ इतके आत घेतले की तोंड दिसेनासं झालं.

आर्लिटानं तिच्याकडे पाहिलं. शनिवारी ते पाणी ट्रीनालाही प्यायचं होतं. पहिलं मूळ काढायला वाकताना पोरीनं तोंड असंच मिटून वाकायचं, आईसाठी. पुढे दर वसंतात पहिला घोट घेताना तिला हेच आठवणार.

"सोड," आर्लिटा म्हणाली. "सोड तोंड. दुखेल."

सासूबाईंचं घर ओढ्याकाठी. अ‍ॅडलीन त्यांचं नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खिडकीशी बसून खणतीची आडवी मूठ तेलानं पुसत होत्या. ती खणती ट्रीनासाठी बनवलेली, आखूड दांड्याची. आर्लिटानं कापडात गुंडाळलेला हातमोजा टेबलावर ठेवला आणि कापड उलगडलं.

अ‍ॅडलीननं तेलाचं फडकं बाजूला ठेवलं.

"कुठे होता?"

"घराखाली. ट्रीनानं ठेवला होता. खेळायला."

"तुला कधी कळलं?"

"काल. ताई येऊन गेल्यावर."

म्हातारीनं हातमोजा दोन्ही हातांनी उचलला, जणू तो सांडेल. चेहऱ्याजवळ नेला. अगदी जवळ नेला आणि थांबली. हात खाली आले. वास तिनं घेतला नाही.

"रात्रभर तुझ्याजवळ होता," ती म्हणाली.

"हो, आई."

"घालून पाहिलास."

"हो."

"मीही पाहिला असता." तिनं हातमोजा पुन्हा कापडात ठेवला, एक एक कोपरा दुमडला आणि वर हात ठेवून बसली. नियम काय ते दोघींनाही माहीत होतं, तरी कुणी तरी म्हणायला हवं होतं. "उद्या होणार नाही, पोरी. हा आधी दूरच्या कुणाला तरी द्यावा लागेल. घर पुन्हा धुवावं लागेल. बोरं पिकली की बघू."

आर्लिटानं मान डोलावली. हे ती रस्ताभर स्वतःला सांगत आली होती, तरी दुसऱ्याच्या तोंडून आलं तेव्हा पायाखाली पायरी नसावी तसं झालं. ट्रीनाचं काय, असं तिनं विचारलं. विचारायला नको होतं.

"तीही तुझ्याच घरातली," अ‍ॅडलीन म्हणाली आणि ती आखूड खणती खिडकीतून उचलून कोपऱ्यात, दाराआड ठेवली.

ट्रीना रडली नाही. ती आजीच्या गुडघ्यापाशी गेली आणि मूठ उघडली. "मग हे कुणाला द्यायचं?"

अ‍ॅडलीननं मूळ चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेलं. काल पहिल्यांदाच बाहेर आलेली ती पानं तेवढ्या उजेडातच जराशी पोपटी झाली होती.

"हे कुणी काढलं?"

"आईनं. गेल्या वर्षी."

"तेव्हा तुमच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं," अ‍ॅडलीन स्वतःशीच म्हणाली. "आणि हे त्याचंही नव्हे. प्याखी कुणाची नसते. सोलली, वाळवली, खाल्ली तर आपली. ही तर तशीच आहे. हिला परत नेऊन द्या."

"आई, मला मातीला हात लावता येत नाही," आर्लिटा म्हणाली.

"काढायला येत नाही. परत द्यायला कुणी अडवलंय?" मग जराशानं: "खणती नेऊ नका. बोटानं जागा करा. आणि आम्ही सगळ्या उतरल्यावर जा."

शेवटचं वाक्य तिनं हळू म्हटलं, पण ते म्हटलंच.

शनिवारी दुपार कलल्यावर आर्लिटा पायऱ्यांवर बसून गाड्या उतरायची वाट बघत होती. फळी तिनं खिळे ठोकून बंद केली होती. गाड्या आल्या. खिडक्यांतून हात वर झाले. भोंगा कुणी वाजवला नाही, गाणंही वळणाआधीच थांबलं. लिओनाची पिकअप शेवटी होती. ती हळू झाली. मागे मुळांनी फुगलेल्या पिशव्या होत्या, आणि लिओनाच्या नखांत माती.

"वर वारा आहे," ती म्हणाली. "पोरीचे कान झाक." थट्टा करायला तिनं तोंड उघडलंही असावं. पण तिला सुचली नाही, की धीर झाला नाही. गाडी पुढे गेली.

डोंगरावर कुणी नव्हतं. रानदवण्याचा कडवट वास उन्हानं तापून वर आला होता, आणि वारा त्याला एकाच दिशेला लोटत होता. बायकांनी खणलेल्या जागा त्यांनीच पुन्हा भरून, थोपटून ठेवल्या होत्या. ओल्या मातीचे ठिपके उतारभर दिसत होते. आणि त्या ठिपक्यांच्या मधून, सकाळी मिटलेल्या असतील त्या सगळ्या कळ्या आता उघडल्या होत्या. ना देठ, ना पान. पानं फुलाच्या आधीच वाळून जातात. नुसतं फूल, खडीवर कुणी आणून ठेवल्यासारखं, फिकट गुलाबी, तळहातात मावेल एवढं. जिकडे बघावं तिकडे. सकाळी ज्या जमिनीवर चाळीस पावलं उठली असतील, तिथे आता पाऊल कुठे टाकावं हा प्रश्न.

आर्लिटानं हे कधी पाहिलंच नव्हतं. खणणाऱ्या बायका फुलं उघडायच्या आत उतरतात. उघडल्यावर वर यायचं कुणाला कारण नसतं.

ट्रीना फुलं चुकवत, पंज्यांवर चालत पुढे गेली. तिनं नवा झगा मागितला नव्हता. रोजचाच होता, कोपरावर विरलेला. दूर ज्युनिपरच्या खुरट्या झाडाच्या शेंड्यावर माळचंडोल बसला होता. त्यानं मान मागे टाकली आणि एक लांब, खाली घसरत जाणारी ओळ म्हटली.

"काय म्हणतो?" ट्रीनानं विचारलं.

"मला नाही कळत, राणी. मी नदीकाठची."

ट्रीनानं कान देऊन ऐकलं. "तो म्हणतो, उशीर केलात, उशीर केलात."

वाऱ्यात आर्लिटाचे आखूड केस उभे राहिले. त्याचं नाव तिच्या जिभेच्या टोकावर आलं. इथे ऐकायला कुणी नव्हतं. एक पक्षी, आणि तोही स्वतःचंच बोलण्यात गुंग. तिनं नाव पुन्हा आत घेतलं. तो कुठवर पोचला असेल कुणास ठाऊक. मागे वळून त्यानं काय बघायचं, कापलेले केस?

ट्रीनानं जागा निवडली: दोन फुलांच्या मध्ये, चपट्या दगडाच्या आडोशाला. आधी आईनं बोट घालायचं, की तिनं, यावर थोडा खल झाला. मग दोघींनी मिळून घातलं, मोठं बोट आणि शेजारी छोटं. वरची खडी कोरडी होती, पण पेरभर खाली माती थंड लागली. वर्षभरात आर्लिटाचा हात मातीला पहिल्यांदा लागत होता. तिला वाटलं होतं काही तरी होईल. काही झालं नाही. माती मातीसारखीच होती.

मूळ उभं बसवलं. ट्रीनानं चारी बाजूंनी खडी लोटली आणि बाबांनी पांघरूण घातलं होतं तसं तळव्यानं थोपटलं. बाटलीतलं पाणी थोडंसं ओतलं. पानं आता मातीच्या वर इवलीशी उभी होती, इतकी लहान की चार पावलं मागे गेलं तर दिसली नसती. आर्लिटानं खूण म्हणून त्या चपट्या दगडावर एक पांढरा खडा ठेवला.

ट्रीना मात्र उठेना. गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ती पानांकडे बघत बसली. सावली त्यांच्या अंगावरून पुढे गेली, फुलं एक एक करून मिटायला लागली.

"आई, हे मेलं नव्हतं ना?"

"नाही."

"पण सुकलं होतं. मी हिवाळ्यात बघायचे. हलवलं तरी काही नाही." तिनं बोटानं एक खडा सरळ केला. "मग तेवढे दिवस ते कुठे होतं?"